सर्व धर्मांतल्या गूढ अनुभूतीची समान भूमी नेमकी कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती एका धर्मात वाढली, पण त्यातल्या कर्मकांडात आता तिचे मन रमत नाही. ती रूमी वाचते, उपनिषदे वाचते, एका ध्यानशिबिरालाही जाऊन आली आहे. एकदा डोंगरावर एकटी बसली असताना काही क्षण 'मी' म्हणून काही उरलेच नाही, असा अनुभव तिला आला. आता ती विचारते, की सगळ्या धर्मांतले संत आणि सूफी एकाच गोष्टीबद्दल बोलतात का? तसे असेल तर नोकरी, संसार आणि हातातला फोन सांभाळून तिथवर जायचे कसे? दुसऱ्यांच्या प्रार्थनेत बसलो तर आपल्या धर्माशी बेइमानी होते का? आणि मुलांना काय शिकवायचे?

मी नामस्मरणाच्या वाटेवरचा साधक आहे. ती वाट न सोडता ख्रिस्ती मौनशिबिरांत, झेन बैठकींत आणि सूफींच्या जिक्रात म्हणजे नामस्मरणात अनेक वर्षे बसत आलो आहे, आणि निरनिराळ्या धर्मांच्या साधकांना एकत्र बसवणारे छोटे गटही चालवतो. त्या आधारावर उत्तर आधीच देऊन टाकतो. समान भूमी आहे. मात्र बहुतेक जण ती सिद्धांतात शोधतात, नाहीतर त्या एका उत्कट क्षणात, आणि दोन्हीकडे ती हाती लागत नाही. ती सापडते साधनेच्या रोजच्या व्यवहारात. मन एका जागी आणताना काय घडते, मीपण कसे झिजते, सगळे कोरडे पडल्यावर माणूस काय करतो आणि अखेर त्याच्या वागण्यात काय उतरते, इथे वेगवेगळ्या धर्मांचे साधक एकमेकांना चटकन ओळखतात.

'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामागचा सद्भाव मला मोलाचा वाटतो, पण साधकाने तिथे थांबू नये. या विचाराला मोठा इतिहास आहे. १५४० साली आगोस्तिनो स्तेउको या इटालियन विद्वानाने सर्व परंपरांच्या मुळाशी एकच सनातन तत्त्वज्ञान असल्याचे मांडले. १९४५ साली इंग्रज लेखक ऑल्डस हक्सली यांनी तीच कल्पना घरोघरी पोहोचवली. त्याआधी, १९०२ साली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांची एडिंबरा इथली व्याख्याने प्रसिद्ध झाली होती. त्यांत त्यांनी गूढानुभवाची चार लक्षणे सांगितली: तो शब्दांत धरता येत नाही, त्यात काहीतरी खरे कळल्याची खात्री असते, तो फार वेळ टिकत नाही, आणि तो आपण घडवला असे न वाटता आपल्यावर घडला असे वाटते. डोंगरावरच्या त्या अनुभवाला ही चारही लक्षणे लागू पडतील.

मग १९७८ साली स्टीव्हन कॅट्झ या अभ्यासकांनी या सगळ्यावर कठोर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की अनुभव आधी सारखा येतो आणि नंतर प्रत्येक जण त्याला आपापल्या धर्माचे नाव देतो, ही समजूतच चुकीची आहे. यहुदी साधक वर्षानुवर्षे देवाच्या सान्निध्यासाठी तयार होतो, बौद्ध साधक तृष्णेच्या निरोधासाठी. ती तयारी अनुभवाच्या आतच मिसळलेली असते, त्यामुळे दोघांना येणारा अनुभवच वेगळा.

मला कॅट्झ यांचे म्हणणे बरेचसे पटते. गटात बसणाऱ्या ख्रिस्ती साधिकेला कोणाची तरी प्रेमळ उपस्थिती जाणवते, तर झेन साधकाला तशी कोणाची उपस्थिती जाणवत नाही आणि त्याला ती हवीही नसते. दोघांनाही 'तुम्ही एकच बोलताय' असे सांगणे म्हणजे दोघांचेही न ऐकणे आहे. पण कॅट्झ यांच्या मांडणीतून एक गोष्ट निसटते. अनुभव वेगळे असले, तरी त्यांच्याशी कसे वागायचे याबद्दलचा सल्ला सगळीकडे विलक्षण सारखा आहे. झेन गुरू बैठकीत दिसणाऱ्या दृश्यांना माक्यो म्हणजे आभास म्हणतात आणि पुन्हा श्वासाकडे पाठवतात. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत योहान ऑफ द क्रॉस दर्शने आणि दिव्य वाणी यांना चिकटू नका म्हणून पुन्हा पुन्हा बजावतात. पतंजली सिद्धींना समाधीतली विघ्ने म्हणतात. एकमेकांचे नावही ऐकले नसेल अशा लोकांनी अनुभवाबद्दल बाळगलेली ही सावधगिरी, मला वाटते, अनुभवाच्या साम्यापेक्षा अधिक भक्कम पुरावा आहे. तेव्हा डोंगरावरचा तो क्षण कृतज्ञतेने जपावा, पण तो परत यावा म्हणून धडपडू नये.

सिद्धांतांचेही थोडे सांगायला हवे, कारण तिथे एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. शंकराचार्यांच्या मते जीव आणि ब्रह्म यांत भेद नाहीच. रामानुजाचार्य एकत्व मानतात, पण जीव विरून नाहीसा होतो हे मान्य करत नाहीत. सूफी चिंतक इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या परंपरेत अस्तित्व एकच आहे आणि ते ईश्वराचे. भारतातले सूफी शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) त्यावर म्हणतात, की साधकाला सर्वत्र एकच दिसते हे खरे, पण ते दिसणे आहे, असणे नव्हे. जर्मन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट यांनी आत्म्याचा तळ आणि ईश्वराचा तळ एकच असल्याचे सांगितले. त्यांच्या मृत्यूनंतर, १३२९ साली, पोपनी त्यांची २८ विधाने पाखंडी किंवा संशयास्पद ठरवली. त्याच शतकात पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ग्रेगरी पालामास यांनी वेगळी मांडणी केली: ईश्वराचे मूळ स्वरूप माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, पण त्याच्या शक्तीत माणूस खरोखर सहभागी होऊ शकतो.

म्हणजे 'एक होणे' की 'भेटणे' हा वाद प्रत्येक धर्माच्या आत चालू आहे. रामानुज आणि सरहिंदी समोरासमोर बसले असते, तर शंकराचार्यांचे किंवा इब्न अरबींचे म्हणणे आपल्याला का पटत नाही, हे त्यांना एकमेकांना फारसे समजावून सांगावे लागले नसते. तुकोबांकडे तर दोन्ही सूर सापडतात. 'अणुरेणीया थोकडा, तुका आकाशाएवढा' हेही त्यांचेच, आणि 'नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव, मी भक्त तूं देव ऐसें करीं' हेही त्यांचेच. बौद्धांना मात्र या वादात ओढू नये. आत्मा आणि ईश्वर हे दोन्ही आधार बाजूला ठेवून बुद्धांनी आपली वाट आखली. त्यांचे निर्वाण म्हणजे आपलेच ब्रह्म, असे परस्पर ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता साधनेकडे येऊ.

नामापासून सुरुवात करतो, कारण ती माझी वाट आहे. एक छोटा शब्द किंवा वाक्य घेऊन ते पुन्हा पुन्हा उच्चारणे ही पद्धत जवळजवळ प्रत्येक मोठ्या परंपरेत आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधक येशूच्या नावाची एका ओळीची प्रार्थना श्वासाबरोबर म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका अनामिक रशियन यात्रेकरूच्या कथनात त्याचा गुरू त्याला ही प्रार्थना आधी रोज ३,०००, मग ६,००० आणि पुढे १२,००० वेळा म्हणायला लावतो. कुरआन सांगते, की अल्लाहच्या स्मरणानेच हृदयांना शांती मिळते. सूफींचा जिक्र त्यावरच उभा आहे. जपानमध्ये होनेन (११३३–१२१२) यांनी अमिताभ बुद्धांच्या नामोच्चाराची वाट सर्वसामान्यांसाठी खुली केली, ती हरिपाठाच्या वाचकाला अजिबात परकी वाटणार नाही. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज साधकाने तर शब्द शक्य तितका छोटा, एकाच अक्षराचा घ्या असे सांगून ठेवले आहे.

यात शरीराचाही भाग आहे. २००१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी माणसांना कधी लॅटिनमधली मरियेची प्रार्थना, तर कधी 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी त्याच तालावर आल्या. धर्म दोन, भाषा दोन, अर्थ सर्वस्वी निराळे, पण शरीराने दोन्हींना एकच प्रतिसाद दिला. ही भूमीची सर्वांत खालची पातळी म्हणा. ती खरी आहे, पण तेवढ्यावर समाधान मानले तर नाम केवळ श्वासाचा व्यायाम होऊन बसेल.

त्याच्या वरची पातळी लक्षाची आहे. मन भरकटले की काय करायचे? गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, की चंचल मन जिथे जिथे निसटेल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावे. फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे ख्रिस्ती संत सांगतात, की हृदय भटकले तर त्याला हळुवारपणे परत आणा, आणि तासभर दुसरे काहीच जमले नाही, तरी तो तास सत्कारणी लागला असे समजा. विपश्यनेचा आचार्य हेच सांगतो, झेन गुरूही हेच. मनाला रागावून नव्हे, हळूच परत आणायचे. नवा साधक यात अपयश पाहतो. ज्यांनी दीर्घकाळ केले आहे ते जाणतात, की हे परत येणे हीच साधना आहे, आणि ते हजारो वेळा करता करता 'माझे ध्यान चांगले झाले' असे म्हणणारा आतला मालक थकू लागतो.

तो मालक थकणे सगळ्यांना अभिप्रेत आहे. 'मरणाआधी मरा' हे सूफींमध्ये परंपरेने चालत आलेले वचन आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल म्हणतो, मी रोज मरतो. जपानी झेन गुरू डोगेन (१२००–१२५३) म्हणतात, स्वतःचा अभ्यास करणे म्हणजे स्वतःला विसरणे. आणि 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य' हे आपल्या ओठांवर आहेच. मरणानंतर काय उरते, याची उत्तरे चौघांची चार आहेत. जे मरायला हवे, त्याबद्दल मात्र चौघेही एकाच दिशेला बोट दाखवतात.

यापुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. तो टप्पा कोरडेपणाचा. सुरुवातीचा गोडवा आटतो. नाम घेताना फक्त जीभ हलते. ध्यानाला बसावेसे वाटत नाही, आणि हे सगळे आपण मनाचे खेळ म्हणून तर केले नाही ना, असा संशय येतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस यांनी दुपारी येऊन साधकाला कंटाळ्याने घेरणाऱ्या असुराचे वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाही, कोठडी नकोशी होते, दुसरीकडे कुठेतरी साधना बरी होईल असे वाटू लागते. सूफी या अवस्थेला कब्ज म्हणतात आणि तिच्या उलट मोकळेपणाला बस्त. थेरवादी बौद्ध ध्यानमार्गात अंतर्दृष्टीच्या टप्प्यांत भय आणि वैराग्य आणणारे ज्ञान क्रमाने सांगितले आहे, म्हणजे तिथे ही अवस्था वाटेचाच भाग मानली जाते. योहान ऑफ द क्रॉस यांनी तिला काळोखी रात्र म्हटले. त्यांना त्यांच्याच संघातल्या विरोधकांनी डिसेंबर १५७७ पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत तोलेदोमध्ये कोंडून ठेवले होते, आणि त्यांच्या श्रेष्ठ कवितांतल्या काही त्या कोठडीत जन्मल्या. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक दशके त्यांना आतून देवाचा स्पर्श जाणवत नव्हता हे कळून जग थक्क झाले. तुकोबा तर थेट म्हणून बसले, 'माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल.' इतकी तळमळ आणि इतका राग ज्याला झेलता येतो, त्या नात्याची खोली काय असेल, याचा विचार करावा.

गटात नवीन माणूस आला, की तुम्ही काय मानता हे मी त्याला विचारत नाही. कोरडे पडते तेव्हा काय करता, असे विचारतो. या एका प्रश्नावर बेनेडिक्टाइन संघाची ख्रिस्ती संन्यासिनी, नक्शबंदी पंथाचा सूफी साधक आणि वारकरी काही मिनिटांत एकमेकांचे बोलणे पुरे करू लागतात. देव आहे की नाही, यावर एकमत नसलेला बौद्ध साधकही त्यात सहज मिसळतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की समान भूमीबद्दल मला शंका उरली नाही ती याच कारणाने.

आणि इथेच आजच्या साधकाचे मोठे नुकसान होते. फोनवर जगातल्या सगळ्या परंपरा एका बोटाच्या अंतरावर आहेत. मंत्राचा गोडवा संपला, की माणूस झेनकडे जातो. झेनमध्ये पाय आणि मन दोन्ही दुखू लागले, की सूफी संगीताकडे. प्रत्येक ठिकाणी पहिले काही महिने छान जातात, आणि मीपण खऱ्या अर्थाने झिजायला लागणार त्याच सुमाराला वाट बदलते. ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी यावर स्पष्ट नियम घालून दिला आहे: मन उदास आणि कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. हा नियम कोणत्याही धर्माच्या साधकाने भिंतीवर लिहून ठेवावा इतका उपयोगी आहे. वाट बदलायचीच असेल, तर मन स्थिर असताना, जाणत्या माणसाशी बोलून बदलावी.

मात्र कोरडेपणा आणि नैराश्याचा आजार यांत गल्लत करू नका. कोरड्या काळात माणूस आतून रिकामा असतो, पण कामे करतो, जेवतो, झोपतो, दुसऱ्याचे दुःख त्याला कळते. झोप उडाली, भूक गेली, काम सुटले, भास होऊ लागले किंवा जगणे नको वाटू लागले, तर साधना थांबवून डॉक्टरकडे जायचे. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या आणि ध्यानशिक्षकांच्या मुलाखतींवर आधारित सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ध्यानातून भीती, झोपमोड, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे त्रास झाल्याचे अनेकांनी सांगितले. ज्यांना पूर्वी मोठा मानसिक आघात किंवा आजार झालेला आहे, त्यांनी दीर्घ मौनशिबिरे अनुभवी शिक्षकाशी आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नयेत.

वागणुकीच्या कसोटीबद्दल मात्र कुठेच दुमत नाही. एकहार्ट सांगतात, की तुम्ही पौलासारख्या समाधीत असाल आणि कोणा आजाऱ्याला तुमच्याकडून थोडे सूप हवे असेल, तर समाधी सोडून उठावे. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत, आविलाच्या तेरेसा आत्म्याच्या सात महालांचे वर्णन करत सर्वांत आतल्या महालात पोहोचतात आणि म्हणतात, या सगळ्याचा हेतू एकच, सत्कृत्ये जन्माला यावीत. आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूला बुद्धांनी स्वतः धुतले आणि इतर भिक्षूंना सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी जवळजवळ हेच आहे. 'जे का रंजले गांजले' पुढे म्हणून दाखवायला नको.

याबाबत यहुदी तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला सतत आठवतो. तरुणपणी ते उत्कट गूढानुभवांच्या मागे होते. अशाच एका भारावलेल्या सकाळनंतर एक तरुण त्यांना भेटायला आला. बुबर त्याच्याशी नीट, सौजन्याने बोलले, पण त्यांचे मन तिथे नव्हते, आणि तो न विचारलेले काय विचारत होता हे त्यांना ऐकू आले नाही. पुढे लवकरच तो जगात उरला नाही, तेव्हा त्याच्या मित्राकडून ते प्रश्न किती निर्वाणीचे होते हे बुबरना कळले. त्यानंतर रोजच्या जगण्यातून बाजूला नेणारी धार्मिकता त्यांनी सोडून दिली. मी कोणालाही पहिल्यांदा भेटतो तेव्हा हा प्रसंग मला जागे ठेवतो.

धर्मांच्या सीमेवर साधक भेटत आले आहेत, ही गोष्टही नवी नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही चौकडी योगसूत्रांत आहे आणि बौद्ध ध्यानातही. तेराव्या शतकात इजिप्तमध्ये यहुदी धर्मगुरू अब्राहम मायमोनिडीस यांनी सूफींच्या साधनेतून बरेच काही यहुदी साधनेत आणले. १६०४ साली संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात शेख फरीद आणि कबीर यांच्याबरोबर आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. दारा शुकोहने १६५७ साली ५० उपनिषदे फारसीत आणली, आणि तोच अनुवाद पुढे लॅटिनमधून युरोपला पोहोचला. मराठीत शेख महंमदांची वाणी आहे, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणारे ना. वा. टिळक आहेत. यांतल्या बहुतेकांनी आपली परंपरा मुळापासून आत्मसात केली होती. भेट झाली ती त्या खोलीवर.

१९८४ साली अमेरिकेतल्या स्नोमास इथल्या मठात थॉमस कीटिंग या ख्रिस्ती साधूंनी अनेक धर्मांच्या अनुभवी साधकांना एकत्र बोलावले. आधी त्यांनी एकमताचे मुद्दे काढले. परमसत्य कोणत्याही नावात किंवा कल्पनेत मावत नाही, शिस्तीची साधना आवश्यक आहे पण प्राप्ती केवळ स्वतःच्या प्रयत्नाने होत नाही, असे ते मुद्दे होते. मग त्यांनी मतभेदांवर बोलायला सुरुवात केली, आणि कीटिंग यांनी नोंदवले आहे, की एकमतापेक्षा या मतभेदांच्या चर्चेनेच ते एकमेकांच्या अधिक जवळ आले. माझ्याही गटांचा अनुभव तोच आहे. भेद लपवावे लागत नाहीत तिथे माणूस सैल बसतो.

मग रोजच्या आयुष्यात काय करायचे?

एक परंपरा निवडा आणि तिला काही वर्षे द्या. जन्माने मिळालेली असेल तर उत्तम, कारण तिची भाषा, सूर आणि कथा आधीच हाडांत असतात. कर्मकांडात मन रमत नाही म्हणून सगळी परंपरा टाकायची गरज नाही. त्याच परंपरेतला साधनेचा प्रवाह शोधा, तो जवळजवळ नेहमी असतो. सकाळी फोन हातात घेण्याआधी वीस मिनिटे, ठरलेल्या जागी, एकच साधना. रात्री दिवसाकडे एकदा शांतपणे पाहणे. एवढे पुरेसे आहे आणि एवढे टिकवणे कठीणही आहे.

वेळ नाही ही अडचण खरी आहे, पण साधना फक्त गुहेत होते ही समजूत खरी नाही. कबीर विणकर होते, गोरोबा कुंभार, जनाबाई दळण-कांडण करणाऱ्या, जर्मन गूढवादी याकोब ब्योमे चांभार. सतराव्या शतकातले ब्रदर लॉरेन्स पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबत आणि तिथल्या गडबडीत देवाचे सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेच असते असे सांगत. झेनचे सहावे आचार्य हुइनेंग मठात तांदूळ कांडत होते. सूफी संत बहाउद्दीन नक्शबंद (१३१८–१३८९) यांच्या परंपरेत तर 'गर्दीत एकांत' हे तत्त्वच आहे: बाहेरून लोकांत, आतून त्याच्यापाशी. ऑफिसात काम करणाऱ्यासाठी याहून योग्य सूत्र मला माहीत नाही. बैठक सुरू होण्याआधी, संदेशाला उत्तर लिहिण्याआधी, मुलाच्या हाकेला ओ देण्याआधी एक श्वास आणि एक नाम. दिवसभरात हे विसरले जाईल. आठवले की परत यायचे.

स्वतःची बैठक स्थिरावल्यावर दुसऱ्या परंपरेकडे जरूर जा. वाचायचे तर सुट्या ओळी वाचू नका. रूमींच्या नावाने फिरणाऱ्या कित्येक ओळींतून कुरआन आणि नमाज गाळून टाकलेले असतात, आणि रूमी तर आयुष्यभर श्रद्धावान मुसलमान होते. एक ग्रंथ घ्या, त्याच परंपरेच्या माणसाबरोबर वाचा. बसायचे तर पाहुण्यासारखे बसा. कॅथलिक मिस्सा पाहता येते, पण प्रसादविधी त्यांच्या दीक्षितांसाठी असतो, तो घेऊ नये. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात आपला जप बाजूला ठेवण्याचा नियम असतो, तो प्रामाणिकपणे पाळावा, आणि पाळता येणार नसेल तर जाऊ नये. जिथे दीक्षा लागते तिथली साधना व्हिडिओ पाहून उचलू नये.

बेइमानीच्या प्रश्नाचे उत्तर मी सोपे करून देणार नाही. आंरी ल सो (१९१०–१९७३) हे फ्रेंच बेनेडिक्टाइन भारतात आले, तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगराच्या गुहांत राहिले, अभिषिक्तानंद झाले. शेवटपर्यंत ते ख्रिस्ती पुरोहित राहिले आणि शेवटपर्यंत अद्वैताच्या ओढीने जगले. हा ताण त्यांना अनेक वर्षे जाळत होता, हे त्यांच्या रोजनिशीत दिसते. दुसऱ्या परंपरेत खोल गेलात, तर असा ताण तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. तो आला म्हणजे काही चुकले असे नाही. त्याला घाईने उत्तर देऊ नका, आणि एका तरी जाणत्या माणसाशी त्याबद्दल बोलत राहा. पाहुणा म्हणून शांत बसण्यात बेइमानी नाही. मनातून एक धरून लोकांपुढे दुसरेच भासवणे ही बेइमानी.

मुलांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. सगळ्या धर्मांचे थोडे थोडे सार त्यांना देऊ नका. त्यांना एका परंपरेच्या कथा, गाणी, सण आणि गप्प बसण्याची सवय नीट द्या. इतर धर्म त्यांना माणसांमधून भेटू द्या: तुमच्या ज्या मित्राची नमाज चुकत नाही त्याच्या घरी न्या, जी मैत्रीण रोज जपमाळ ओढते तिला त्यांच्यासमोर मोकळेपणाने प्रश्न विचारा. आणि तुम्ही सकाळी बसता तेव्हा दार बंद करू नका. मुले येऊन पाहतील, मांडीवर बसतील, कंटाळून निघून जातील. जाऊ द्या, आणि पुन्हा नामाकडे या.